फुकट पेपर कुठे ठेवायचा?

प्रश्न : आम्ही तिघं मित्र धुळ्यात मोफत साप्ताहिक काढायचं म्हणतोय. दैनिकांत न येणाऱ्या गल्लीबोळातल्या बातम्या, नाटकं, खाणंपिणं. खर्च जाहिरातींतून काढू. पण फुकटच्या अंकाची लोक किंमत करतील का?
– एक वाचक, देवपूर

उत्तर : भाऊ, असा आठ पानी अंक मीही सव्वा वर्ष काढला. पहिल्या आठवड्यात आग्रा रोडला भजीच्या गाडीवर दोन गठ्ठे ठेवले. संध्याकाळपर्यंत फस्त! मी पेढे घेऊन घरी. दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या अग्रलेखावर मिरचीची भजी. (कागद तेल छान शोषत होता, एवढं मात्र खरं.) मग सलूनं धरली. तिथून उरलेले अंक परत आणले की घड्यांमध्ये बारीक केस सापडायचे. म्हणजे खुर्चीत बसून कुणीतरी अंक उलगडला होता! तेव्हा जाहिरातदाराला छापलेला आकडा सांगू नका, शिल्लक वजा करून सांगा.

फुकटात कमीपणा नाही. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. अमेरिकेत ‘शिकागो रीडर’ १९७१ साली निघाला तोच फुकट. न्यूयॉर्कचा १९५५ पासूनचा ‘व्हिलेज व्हॉइस’ आधी विकत मिळायचा, १९९६ मध्ये तोही फुकट झाला. अशा अंकांना पोसलं ते भाड्याच्या खोल्या, नोकऱ्या असल्या चिटुकल्या जाहिरातींनी. त्या इंटरनेटवर पळाल्या आणि २०१७ मध्ये ‘व्हॉइस’चं छापील साप्ताहिक थांबलं. आपल्याकडेही जुनी मोटारसायकल विकायची तर आता व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकतात. त्यामुळे सराफ, मंगल कार्यालयं, खानावळी असे पुष्कळ छोटे जाहिरातदार जोडा. माझं शेवटचं पान एकाच क्लासवाल्याकडे होतं. फीवाढीची बातमी छापली, जाहिरात गेली, तीन महिन्यांची उधारीही बुडाली. बातमी छापल्याचं दुःख नाही, उधारी ठेवल्याचं आहे.

आणि फुकट आहे म्हणून नोंदणी चुकत नाही. २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू आहे, अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन करायचा. दोन-चार नावं हाताशी ठेवा. आम्ही आधी पाटी रंगवून घेतली, नंतर कळलं की ते नाव दुसऱ्या कुणाचं तरी आहे. ती पाटी अजून माझ्या माळ्यावर आहे.