"होईल ताई, काही प्रॉब्लेम नाही"

प्रश्न: नमस्कार, आम्ही नाशिकचे. माझा धाकटा भाऊ बाइक अपघातानंतर कमरेखाली पॅरालाइज्ड आहे, साधी फोल्डिंग व्हीलचेअर वापरतो. दिवाळीनंतर त्याला घेऊन कोकण नाहीतर गोवा करायचं डोक्यात आहे, समुद्र बघायचाय त्याला. चार-पाच हॉटेलांना फोन लावले, सगळे म्हणतात "होईल ताई, काही प्रॉब्लेम नाही", पण नेमकं काय होणार ते कोणी सांगत नाही. आई म्हणते कशाला त्या पोराची फरफट. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, "होईल" म्हणताना त्यांच्या डोक्यात काय असतं सांगू? दोन पोरं येतील आणि चेअरसकट उचलतील. मी स्वतः चेअरवर आहे, एखाद्या वेळी उचललं तर माझं काही म्हणणं नाही, पण दिवसातून सहा वेळा, ते पण बाथरूमला जायला, नको रे बाबा. म्हणून "व्हीलचेअर चालेल का" हा प्रश्न विचारूच नका, मापं मागा.

आधी घरी भावाच्या चेअरची रुंदी टेपने घ्या, सीटची नाही हं, हाताने ढकलायच्या रिंगांच्या या बाहेरच्या कडेपासून त्या बाहेरच्या कडेपर्यंत. साध्या चेअरची ती 24 ते 26 इंच भरते. आणि हॉटेलातलं बाथरूमचं दार बऱ्याचदा जेमतेम सव्वादोन फूट, त्यातून चौकट आणि पूर्ण न उघडणारं दार वजा करा, की चेअर बाहेरच. तर हॉटेलवाल्याला सांगायचं, दादा, गेटपासून रूमच्या बाथरूमपर्यंत चालत जा आणि एकच सलग व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, दारावर टेप धरून. त्यात उंबरा दिसतो, पायऱ्या दिसतात, कमोडच्या बाजूला चेअर लावायला जागा आहे का तेही दिसतं. जो व्हिडिओ पाठवायला टाळाटाळ करतो तिथे जायचंच नाही. "रॅम्प आहे" असं म्हटलं तर किती लांब ते विचारा, कारण एक फूट चढायला बारा फूट रॅम्प लागतो असा हिशोब आहे, म्हणजे साध्या सहा इंची पायरीलाही सहा फूट. दोन फळ्या टाकून केलेला उभा चढ म्हणजे रॅम्प नाही, घसरगुंडी आहे. आणि दार थोडक्यासाठी कमी पडत असेल तर छोट्या चाकांची अरुंद कमोड चेअर सोबत घ्या, मोठ्या शहरात भाड्यानेही मिळते.

जायला नाशिक रोडवरून मंगला एक्सप्रेस आहे, पनवेल, रत्नागिरी करत थेट मडगाव, मुंबईत गाडी बदलायची झंझट नाही. रेल्वेचं दिव्यांग कार्ड आधी काढून घ्या, त्यावर सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्याला स्लीपर आणि थ्री एसीला 75 टक्के, टू एसीला 50 टक्के सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. पण थ्री एसीच्या बोळात चेअर जात नाही, दारापासून बर्थपर्यंत उचलावंच लागतं आणि रेल्वेचं टॉयलेट विसराच, युरीन बॅगची सोय लागेल. दिव्यांग डब्यात दार रुंद, टॉयलेट मोठं, पण एसी नाही आणि धडधाकट लोक घुसून बसलेले असतात, तेव्हा रेल्वेच्या 139 हेल्पलाइनला फोन लावायला लाजू नका.

आता समुद्र. कोरड्या वाळूत पुढची बारकी चाकं लगेच रुततात, म्हणून चेअर उलटी फिरवायची आणि दोघांनी मागे मागे ओढत न्यायची. ओहोटीची वेळ मोबाइलवर बघून जा, पाणी मागे गेल्यावर जी ओली घट्ट वाळू राहते तिच्यावर चेअर बऱ्यापैकी चालते. परतल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुऊन तेल द्या, नाहीतर खारं पाणी बेअरिंग खाऊन टाकतं. चेन्नईत मरीना बीचवर 2022 मध्ये चेअरसाठी थेट पाण्याजवळ जाणारा लाकडी रस्ता केला, काही दिवसांत वादळाने त्याची नासधूस केली आणि तो पुन्हा दुरुस्त केला. म्हणजे मनात आणलं तर होतं, आपल्या कोकणात कोण मनावर घेणार देव जाणे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. त्याला पायाला कळत नाही ना? मग दुपारची तापलेली वाळू, गाडीत पायाशी येणारी गरम हवा, हॉटेलातलं गीझरचं पाणी, या सगळ्याने भाजतं आणि त्याला पत्ताच लागत नाही, रात्री मोजा काढल्यावर फोड दिसतो. म्हणून पाण्यात आधी तुम्ही हात घाला, बीचवर सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जा, आणि एका जागी बसून जखम होऊ नये म्हणून गाडीतसुद्धा त्याची कुशन त्याच्या खालीच ठेवा, डिकीत नको. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, वापरत असेल तर लागतात त्याच्या दुप्पट घ्या.

कोकण की गोवा? पहिल्यांदा गोवा, एकच हॉटेल, तीन रात्री, रोज गाव बदलायचं नाही. 2023 पासून तिथे पर्पल फेस्ट नावाचा दिव्यांगांचा मोठा महोत्सव होतो, त्यामुळे निदान चेअर बघून डोळे वटारणारे कमी. आणि आईच्या फरफटीबद्दल, भावालाच विचारा की, हॉटेलचे व्हिडिओ पण त्यालाच बघू द्या, कुठे अडेल ते तुमच्या आधी त्याला कळेल.

प्रश्न: आईला गुडघ्यांमुळे जास्त चालवत नाही. वेरूळ-अजिंठा दोन्ही होईल का?

उत्तर: वेरूळ करा. कैलास लेणं, म्हणजे 16 नंबर, तिकीट काढून आत गेलं की समोरच, खालचं अंगण तरी बघून होतं. मंगळवारी बंद असतं. अजिंठ्याला फाट्यापासून बसने जायचं आणि मग पायऱ्या, डोलीवाले मिळतात पण आईला माणसांच्या खांद्यावर बसणं कसं वाटेल ते आधी विचारा. सोमवारी बंद.

प्रश्न: इलेक्ट्रिक व्हीलचेअर विमानात नेतात का?

उत्तर: नेतात, पण 48 तास आधी एअरलाइनला कळवा. काढता येणारी लिथियम बॅटरी असेल तर ती केबिनमध्ये हातात, 300 वॅट-अवरपर्यंत. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, 24 व्होल्ट 12 अँपिअर-अवर म्हणजे 288, बसली. त्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, काउंटरवर तोच मागतात. आणि जायच्या आधी जॉयस्टिक काढून पिशवीत घ्या, सामान चढवताना पहिला फटका त्यालाच बसतो.