स्तनाच्या कॅन्सरनंतर आणि जोडीदार गेल्यानंतर पुन्हा बॅडमिंटन खेळता येतं का?

येतं, ताई. मी खेळते. माझं ऑपरेशन उजव्या बाजूचं आणि रॅकेट धरायचा हातही तोच. काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. ते सगळं संपत आलं असताना मिस्टर हार्ट अटॅकने गेले. तुम्ही लिहिलंय की हात खांद्याच्या वर जात नाही, आणि घरात असं झालेलं असताना खेळायला जायची लाज वाटते. मला दोन्ही ओळखीचं आहे.

आधी हाताचं बोलते, कारण त्याबद्दल ठोस सांगता येतं.

काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते. म्हणून पूर्वी सांगायचे, त्या हाताने जड उचलू नका, जोर लावून तीच तीच हालचाल करू नका. आपल्याकडे नात्यातल्या बायका अजून हेच सांगतात. मला तर पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नव्हत्या. या समजाला १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉन मॅकेन्झी या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांनी आव्हान दिलं. या आजारातून गेलेल्या २४ बायकांकडून त्यांनी आधी तयारीचा व्यायाम करून घेतला आणि मग त्यांना ड्रॅगन बोट ही लांब होडी वल्हवायला बसवलं. म्हणजे खांद्याला पुरेपूर काम. एकीच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. पुढे २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात आधीच सूज असलेल्या बायका आठवड्यातून दोनदा, अगदी थोडं थोडं वाढवत, वजनं उचलत होत्या. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती मध्येच बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

यातलं 'थोडं थोडं' सोडू नका. डॉक्टरांना विचारा, फिजिओ गाठा, रॅकेट त्यानंतर. मला भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला होता. इतका कंटाळवाणा प्रकार मी आयुष्यात केला नाही, पण खांदा सुटला तो त्यानेच. काखेतून दंडाकडे जाणारी एखादी ताणलेली दोरी हाताला लागली तर घाबरू नका, फिजिओला दाखवा. ती बहुतेक वेळा मोकळी होते.

कोर्टवर गेल्यावर सर्व्हिस आणि नेटजवळचा खेळ आधी. तिथे हात फारसा वर न्यावा लागत नाही. डबल्समध्ये पुढची जागा मागून घ्या. डोक्यावरून मारायचे टॉस आणि स्मॅश सगळ्यात शेवटी. खेळून आल्यावर हात जड वाटला, बांगडी घट्ट झाली, तर त्या आठवड्यात खेळ कमी करा आणि फिजिओला कळवा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, सकाळची वाट बघू नका.

पायांचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. केमोत पॅक्लिटॅक्सेल असेल तर तळपाय बधिर राहू शकतात, आणि शटल मागे गेलं की उलट्या पावली धावताना तोल जातो. त्यात लेट्रोझोल ही हार्मोनवरची गोळी चालू असेल तर सांधे आखडतात, हाडं विरळ होतात. पडणं परवडत नाही. मी आधी ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचा सराव केला, मग न धरता.

थकव्याबद्दल एवढंच, की उपचारांनंतरचा थकवा झोपून जात नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २०१९ची शिफारस आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल इतक्या व्यायामाची आहे. सुरुवातीला ते चालणंच असू दे.

आता लाजेचं. नणंद म्हणाली, वर्ष तरी होऊ दे, लोक काय म्हणतील. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त संध्याकाळचा चहा अर्धा तास आधी करायला लागल्या. मी त्याचा अर्थ जा असा घेतला.

लोक वाईट वागले नाहीत, फार चांगले वागले, आणि त्रास त्याचाच झाला. पडलेलं शटल हातात आणून द्यायचे, मुद्दाम सोपं टाकायचे, माझं नेटमध्ये गेलं तरी "छान, छान". अपवाद एका काकूंचा, सत्तरीच्या आसपासच्या. मला पुढे धावायला जड जातं हे त्यांनी दुसऱ्याच गेममध्ये हेरलं आणि दर वेळी नेटलगत ड्रॉप टाकायला लागल्या. मला असा राग आला! कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच रडू सोडून दुसरं काही आलं होतं. तुमच्या ग्रुपमध्ये अशी एखादी बाई असेल तर तिच्या समोरच्या बाजूला उभ्या राहा.

सकाळी जाऊ की संध्याकाळी, असंही तुम्ही विचारलंय. घरात जी वेळ सगळ्यात अंगावर येते, ती घ्या. माझ्यासाठी ती साडेसहाची होती, त्यांची ऑफिसमधून यायची.

आणि हॉलची फी तीन महिन्यांची एकदम भरू नका, सवलत असली तरी. महिन्याचीच भरा. फॉलोअपच्या तपासण्यांच्या आठवड्यात आणि वर्षश्राद्धाच्या आसपास तुमचं जाणं होणार नाही, तेव्हा उगाच पैसे गेले म्हणून हळहळायला नको.