सूर्यग्रहणाची तयारी: शाळेत पहिल्यांदाच करणाऱ्या सरांसाठी

सर, 2 ऑगस्ट 2027 ला सोमवार आहे, म्हणजे शाळा भरलेली. आपल्याकडे ग्रहण खंडग्रासच, तेही दुपार कलल्यावर आणि ऐन पावसाळ्यात! ढग आले तर वर्गात काय करायचं, ते आधीच ठरवा.

दुर्बिणीच्या मागे आत्ता लागू नका. दोनच गोष्टी सांभाळा:

1. चष्मे आयएसओ 12312-2 चेच (सूर्य थेट बघण्याच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक). ओरखडा दिसला की बाद. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल अजिबात नको.

2. सूचिछिद्र, म्हणजे सुईने पाडलेलं बारीक भोक; त्यातून सूर्याचं बिंब समोरच्या पडद्यावर पडतं. बुटाच्या खोक्यात सूर्य जेमतेम 3 मिलिमीटरचा पडतो. माझी नववीची पोरं हिरमुसली होती. छिद्रापासून पडदा 2 मीटरवर ठेवा, बिंब साधारण 18 मिलिमीटरचं मिळेल. झाऱ्याची सावलीही दाखवा, प्रत्येक भोकातून एकेक कोर!

आठवडाभर आधी रोजच्या सूर्यावर रंगीत तालीम घ्या. घाबरणाऱ्या पालकांनाही बोलवा.