अँजिओग्राफी क्लिअर, मग छातीत दुखतं कशानं?

"मॅडम, माझ्या डोक्यातच काय बिघडलंय का वो?" तासगावकडच्या त्या मावशींनी सांगलीत माझ्यासमोर बसल्या बसल्या हेच विचारलं. वय ५६. बागेत पाटी उचलून चालल्या की छाती आवळायची, बसल्यावरही पंधरा-वीस मिनिटं सुटायची नाही. अँजिओग्राफी क्लिअर आली, तेव्हापासून घरच्यांनी 'टेन्शन घेते' असं ठरवूनच टाकलेलं.

कुठं दुखतं ते दाखवा म्हटलं, तर त्यांनी मूठ वळून छातीच्या मधोमध दाबून धरली. हे मनाचे खेळ म्हणून सोडून द्यायला मी तयार नव्हते.

अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक फांद्या दिसतच नाहीत. आणि हृदय आलेल्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन आधीच काढून घेत असतं. कष्टाच्या वेळी जास्त हवा असेल तर रक्तच जास्त यावं लागतं, निरोगी माणसात तिप्पट-चौपट. त्यासाठी वाहिनीच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैल होते. हे अस्तर बिघडलं की बारीक वाहिन्या पुरेशा पसरत नाहीत, कधी आकसतातही. याला मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना म्हणतात. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त आढळतो.

मावशींसोबत आलेले काका इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "म्हंजे ठिबकची मेनलाइन बघितली, बारीक लॅटरल नळी कुणी बघितलीच न्हाई."

"बरोबर. फक्त त्या तुंबलेल्याच असतात असं नाही काका, गरजेला पसरत नाहीत."

निदान करणं माझं काम नाही. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली: बारीक वाहिन्यांचा प्रवाह तपासता येईल का? औषध देऊन प्रवाह किती पट वाढतो हे मोजता येतं. दुपटीहून कमी वाढला तर तो कमीच धरतात. दुखणं कधी, काय करताना, किती वेळ, हे वहीत लिहायला सांगितलं. दुखणं नेहमीपेक्षा जास्त वाटलं, घाम फुटला, श्वास लागला, तर वही राहू दे, थेट दवाखाना. क्लिअर रिपोर्टच्या भरवशावर घरी थांबायचं नाही.

उठता उठता मावशींनी कनवटीची मिश्रीची डबी माझ्या टेबलावर ठेवली. रक्तदाबाच्या गोळीबद्दल सगळ्यांनी विचारलेलं, मिश्रीबद्दल कुणीच नाही. तंबाखूनं तेच अस्तर खराब होतं, हे मी त्यांना सांगितलं.

तीन आठवड्यांनी वही आली. अक्षर काकांचं होतं.