मुलगी फॅमिली डॉक्टर झाली तर मागे पडेल का?

सप्रेम नमस्कार,

विशेषज्ञ होण्याऐवजी फॅमिली डॉक्टर व्हायचे आपल्या मुलीने ठरवले आहे आणि मोठ्या रुग्णालयापासून दूर, एकटीने काम करताना तिचे ज्ञान दहा वर्षांत शिळे होईल, अशी धास्ती आपण पत्रात व्यक्त केली आहे. ती अनाठायी नाही. अनुभव वाढला की उपचारांचा दर्जा वाढतोच असे नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यातील निम्म्याहून अधिक अभ्यासांत तर उलटेच चित्र दिसले होते.

परिषदांना हजेरी लावली की झाले, असे अनेकांना वाटते. त्यातून नोंदणीसाठी लागणारे गुण जमतात, पण नुसती व्याख्याने ऐकून डॉक्टरांच्या हाताचे वळण फारसे बदलत नाही.

तिने खिशात एक छोटी वही ठेवावी. रुग्ण समोर असताना जे अडले, ते तेव्हाच एका ओळीत टिपावे. उदाहरणार्थ, मूत्रपिंडे मंदावलेल्या या मधुमेही आजोबांचे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध कमी करायचे की बंद? संध्याकाळी मार्गदर्शक सूचना उघडल्यावर ईजीएफआर (मूत्रपिंडे किती काम करतात हे सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) ३० च्या खाली गेल्यास ते थांबवावे, हे सापडते आणि त्या आजोबांसकट लक्षात राहते. मात्र वहीत अडलेलेच येते. जे चुकते आहे याची जाणीवच नाही, ते येत नाही. त्यासाठी शेवटच्या तीस मधुमेही रुग्णांचे केसपेपर काढून किती जणांच्या पायांची तपासणी नोंदवली आहे हे मोजावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. पहिला आकडा बहुधा लाजवणारा असतो.

राहिला एकटेपणाचा प्रश्न. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठातील डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला, ज्यात दूरवरचे प्राथमिक डॉक्टर हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे आपापले रुग्ण व्हिडिओ बैठकीत तज्ज्ञांपुढे मांडत, पण उपचार स्वतःच करत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के, तर या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले. आता इतर आजारांसाठीही अशा बैठका होतात.

म्हणून पहिली नोकरी स्वीकारण्यापूर्वी तिने पगाराबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: सहकाऱ्यांबरोबर रुग्णांची चर्चा करण्यासाठी आठवड्यातला एक तास कामाच्या वेळेत राखून ठेवला आहे का? तो असेल, तर पगार थोडा कमी असला तरी मी तीच जागा सुचवीन.