बुडापेस्ट ते व्हिएन्ना पहिल्यांदाच गाडीने जाताय?

एम-१ हा महामार्ग तसा सोपा आहे. टाटाबान्या, ग्योर करत सरळ हेग्येशहालोमच्या सीमेवर. टोलनाके नाहीत, म्हणून निर्धास्त राहू नका: ई-विन्येट (महामार्ग वापरायचा डिजिटल टोल-परवाना) आधी घ्यावी लागते आणि ती गाडीच्या नंबरावर असते. कॅमेरे नंबरप्लेट वाचतात. इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य टाइप झालं, तर पैसे भरूनही दंड. पावती उघडून नंबर प्लेटशी ताडून बघाच. गाडी भाड्याची असेल, तर विन्येट आहे का आणि देशाबाहेर न्यायची परवानगी आहे का, हे दोन्ही विचारून घ्या. सीमेपलीकडे ऑस्ट्रियाची वेगळी विन्येट लागते, हे बरेच जण विसरतात.

इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. आपल्या एक्सप्रेसवेवरची उजवीकडे ठाण मांडून बसायची सवय (असते हो!) इथे डावीकडे चालणार नाही, पुढे गेलात की लगेच उजवीकडे या. वेगमर्यादा १३०, पण ट्रकांची रांग लांबलचक असते, घाई नको. दिवसाही हेडलाइट चालू. बिअर मात्र मुक्कामीच. हंगेरीत चालकाला एक थेंबही चालत नाही.