मुलांना घेऊन समुद्रावर: घड्याळ पाण्याचं, आपलं नव्हे

सकाळी निघून संध्याकाळी परत, सोबत मुलं आणि समोर समुद्र, अशा सहलींबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत. बऱ्याच प्रश्नांची उत्तरं शेवटी भरती-ओहोटीच्या वेळेपाशी येऊन थांबतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न: मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत. लाटांत खेळून तासाभरात कंटाळतात आणि मग नुसती भुणभुण. दिवसभर रमतील अशी सहल कोणती?

या वयाला खडकाळ किनाऱ्यावरची ओहोटीची सहल सर्वांत चांगली. वाळूच्या किनाऱ्यापेक्षा तिथे बघण्यासारखं कितीतरी जास्त असतं. पाणी मागे हटलं की खडकांच्या खळग्यांत डबकी उरतात आणि त्यांत समुद्रपुष्पं (फुलासारखे दिसणारे प्राणी), लहान मासे, खेकडे, रिकाम्या शंखात घर करून राहणारे खेकडे, शेवाळाचे तऱ्हेतऱ्हेचे प्रकार जवळून पाहता येतात.

वेळ मात्र अचूक साधायला हवी. भरती-ओहोटीच्या तक्त्यात त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ बघा आणि तिच्या दीड-दोन तास आधी किनाऱ्यावर पोहोचा. समजा, ओहोटी 11 वाजून 40 मिनिटांनी आहे, तर 10 च्या सुमारास खडकांवर उतरायचं. पाणी मागे जात असताना त्याच्यामागून हळूहळू पुढे सरकायचं आणि 11.40 झाले की तोंड जमिनीकडे वळवायचं. तेव्हा पाणी अजून दूर दिसतं, मुलं ‘अजून थोडं’ म्हणतात. तरीही वळायचं.

तक्त्यात वेळेशेजारी उंचीचा आकडा असतो. तो जितका लहान, तितकं पाणी जास्त मागे जाणार. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाची भरती-ओहोटी असते, तेव्हा सर्वांत जास्त खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी असतो, त्या दिवसांत डबक्यांसाठी मुद्दाम जाण्यात फारसा अर्थ नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा ओहोटी येते आणि ती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. पण एखाद्या ठिकाणी उधाणाची मोठी ओहोटी दरवेळी दिवसाच्या साधारण त्याच सुमारास येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. तुमच्या किनाऱ्यावर ती दुपारच्या आत येत असेल, तर तुम्हाला दर पंधरवड्याला सहलीचा दिवस मिळाला.

पायांत पट्ट्याचे, पकड असलेल्या तळव्याचे बूट हवेत. सपाता खडकावर निसटतात आणि अनवाणी पायांना बार्नॅकलच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या कवचधारी जिवांच्या, धारेने कापतं. हिरवं, बुळबुळीत शेवाळ सर्वांत घसरडं असतं, तिथे पाय टाकायचा नाही. दगड उचलून खाली बघितलं तर तो होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवायचा. उलटा राहिला तर खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात वाळतात आणि वरचं शेवाळ अंधारात मरतं. खडकाला चिकटलेली गोगलगाय किंवा समुद्रपुष्प ओढून काढू नये. त्यांची पकड सुटण्याऐवजी शरीर फाटतं. प्राणी थोडा वेळ बघण्यासाठी बादलीत घेतलाच, तर त्याच डबक्यातलं पाणी भरा, बादली सावलीत ठेवा आणि पाच-दहा मिनिटांत जिथला तिथे सोडा. उन्हात थोडंसं पाणी लगेच तापतं आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. सुया असलेल्या किंवा भडक रंगांच्या कुठल्याही प्राण्याला हात नको. आणि आपली पाठ कधीही लाटांकडे करायची नाही, हा नियम मोठ्यांनाही आहे.

प्रश्न: ओहोटीला आम्ही वाळूवरून बरंच आत चालत गेलो होतो. पाणी समोरून येईल असं वाटत होतं, पण ते मागूनच आलं. असं का झालं?

वाळूचा पट्टा दिसतो सपाट, पण तसा नसतो. समुद्राच्या बाजूला उंचवटा आणि त्यामागे, किनाऱ्याकडे, लांबट खोलगट भाग असतो. भरती सुरू झाली की पाणी उंचवटा चढण्याआधी एखाद्या फटीतून त्या खोलगट भागात शिरतं. उंचवट्यावर उभ्या माणसाच्या पायांखाली वाळू कोरडीच असते आणि परतीची वाट भरलेली.

दुसरी गोष्ट वेगाची. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात, पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढावाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, मग दोन, मग एक. चढाव 3 मीटरचा असेल तर पहिल्या तासात फक्त 25 सेंटीमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून 150 सेंटीमीटर. म्हणजे दोन तासांत सात वर्षांच्या मुलाच्या उंचीपेक्षा जास्त. पहिल्या तासातला संथपणा फसवतो तो असा. हा ढोबळ हिशेब आहे, खाडीच्या आत आणि बेटांमध्ये तो बदलतो. जमिनीकडे जोराचा वारा असेल किंवा हवेचा दाब उतरला असेल, तर पाणी तक्त्यापेक्षा वर येतं.

चालत आत जायचंच असेल तर जाताना वाटेतला सर्वांत खोल भाग कुठे आहे ते लक्षात ठेवा, आणि ओहोटीच्या क्षणापर्यंत तो परत ओलांडून किनाऱ्याच्या बाजूला आलेलं असायला हवं: तुम्ही समुद्राच्या बाजूला, म्हणजे तो अजून ओलांडायचा बाकी, अशी स्थिती त्या वेळी नको.

प्रश्न: मूल दीड वर्षाचं आहे. किनारा निवडताना काय बघावं?

वाळू बघा. बारीक, घट्ट बसणारी वाळू असेल तर किनाऱ्याचा उतार बहुधा मंद असतो, लाटा दूरवर फुटतात आणि पायापाशी येईपर्यंत पातळ होतात. भरड वाळू किंवा गोटे असतील तर उतार तीव्र असतो. तिथे लाट थेट काठावर आदळते आणि परतणारं पाणी घोट्यापर्यंतच असलं तरी लहान मुलाचे पाय उचलतं. शांत दिसते म्हणून नदीचं किंवा खाडीचं मुख निवडू नका, ओहोटीला तिथून पाणी जोरात बाहेर ओढलं जातं.

बाबागाडी वाळूत ढकलू नका, उलटी फिरवून ओढा. पुढची लहान चाकं रुतत नाहीत.

प्रश्न: लाटा नसलेला शांत पट्टा बघून मुलांना तिथे उतरवणं योग्य ना?

नाही, आणि हे सर्वांना पुन्हा पुन्हा सांगण्यासारखं आहे. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असताना मध्येच एखादा गडद, सपाट पट्टा दिसला आणि त्यावरून फेस समुद्राकडे सरकत असला, तर तो बाहेर ओढणारा प्रवाह आहे. लाटांनी काठावर आणलेलं पाणी वाळूच्या दांड्यांमधल्या फटीतून, खडकाच्या किंवा धक्क्याच्या कडेने परत जातं. पाणी उतरलेलं असताना ते या फटींत एकवटतं, म्हणून ओहोटीच्या सुमारास प्रवाह बहुधा जास्त जोराचा होतो. डबकी बघायला उत्तम असलेली वेळ पोहायला तशी नसते.

पाण्याला पाच मिनिटांनी हात लावायचा, आधी पाच मिनिटं उंचावरून नुसतं बघायचं. प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. त्याच्याविरुद्ध काठाकडे पोहत राहिल्याने दम संपतो आणि त्यामुळे माणूस बुडतो. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं. मुलांना हे कोरड्या जमिनीवर आधी सांगून ठेवा. जीवरक्षक असलेला किनाराच निवडा. लहान मूल पाण्यात असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, कारण बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. निळे आणि पांढरे पोहण्याचे कपडे पाण्याखाली दिसेनासे होतात, भडक नारिंगी दिसतो. हवेने फुगवलेली खेळणी समुद्रात नकोत. जमिनीकडून वारा असला की ती मुलासकट आत जातात.

प्रश्न: आमचा वाळूचा किल्ला टिकतच नाही. काय चुकतं?

पाणी जास्त होतं. ओल्या वाळूत कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात आणि ते कणांना एकमेकांकडे ओढतात. पाणी वाढलं की पूल बुडतात आणि वाळू वाहू लागते. आठ डबे कोरडी वाळू, एक डबा पाणी, इथून सुरुवात करा. मुठीत दाबून सोडल्यावर गोळा अखंड राहायला हवा आणि त्यातून पाणी टपकायला नको. बादली एकदम न भरता थर देऊन प्रत्येक थर ठोकून बसवा. पाया रुंद, कोरीव काम वरून खाली. कोनदार कणांची बारीक वाळू उत्तम, गुळगुळीत गोल कणांची धरत नाही.

जागा भरतीच्या शेवटच्या खुणेच्या, म्हणजे शेवाळ-काडीकचऱ्याच्या रेषेच्या, जरा खाली निवडा. तिथे वाळू ओलसर असते आणि पाणी शेवटी येतं. खड्डा मात्र सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, आणि बोगदा तर मुळीच नको. कोसळलेली वाळू फार जड असते, तिच्याखालून मूल स्वतः निघू शकत नाही. निघताना खड्डा बुजवा.

प्रश्न: जेलीफिश डसली तर?

पाण्याबाहेर या. समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या पाण्याने त्वचेवर उरलेल्या डंखपेशी फुटून आणखी विष सोडू शकतात. वाळूने घासू नका. उरलेले धागे चिमट्याने अलगद उचला. मग सोसेल इतकं गरम पाणी, जास्तीत जास्त 45 अंश सेल्सियस, 20 मिनिटं. मुलाच्या आधी मोठ्याने त्यात हात घालून बघावं. व्हिनेगर काही जातींना उपयोगी आणि काहींना अपायकारक, त्यामुळे स्थानिक जीवरक्षकाला विचारूनच. श्वासाला त्रास, ओठ-चेहरा सुजणं, उलट्या किंवा मोठ्या भागावर डंख असेल तर थेट रुग्णालय. काठावर पडलेली मेलेली जेलीफिशही डसते.

प्रश्न: उन्हाचं काय? दिवसभराची सहल म्हटली की दुपार येतेच.

मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड झाली की आडोशाला. तो वेळ जेवणाचा आणि झोपेचा ठेवा. एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या 15-20 मिनिटं आधी, नंतर दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर प्रत्येक वेळी. कान, मानेची मागची बाजू आणि पायांचे वरचे भाग विसरले जातात. छत्रीखालीही वाळू आणि फेसावरून किरण परावर्तित होतात, त्यामुळे लांब बाह्यांचा सदरा क्रीमपेक्षा भरवशाचा. सहा महिन्यांखालचं बाळ उन्हात न्यायचंच नाही.

प्रश्न: परतताना गाडीभर वाळू होते.

ओलं अंग पुसू नका, वाळू कातडीवर घासली जाते. आधी अंग वाऱ्यावर सुकू द्या. पाण्याचा थर गेला की वाळूही आपोआप सुटते, मग कोरड्या मऊ ब्रशने झटका. पायांसाठी घरून पाच लिटर गोडं पाणी आणि पसरट टब न्या. कपडे गाडीबाहेरच बदलून एका बंद पिशवीत घाला, आणि घरी ते आधी बादलीत खळबळून मगच यंत्रात टाका.